ल्यों : रेशमाचं गाव, आडवाटा आणि गुलाबी टार्ट

येवलेकरीण

मंडळी, एप्रिलमध्ये पाच दिवस फ्रान्समधल्या ल्योंला होते. भाची तिथे शिकते, तिच्याच खोलीवर मुक्काम. पॅरिसवर मराठीत उदंड लिहिलं गेलंय. पॅरिसहून टीजीव्हीनं, म्हणजे तिथल्या वेगवान रेल्वेनं, दोन तासांवर असलेल्या या शहराबद्दल मात्र निघण्याआधी मला फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा काढतेय. ज्यांनी पाहिलंय त्यांनी भर घाला, जाणार असाल तर विचारा.

आधी भूगोल सांगते, कारण तो डोक्यात बसला की शहर आपोआप उलगडतं. रोन आणि सोन या दोन नद्यांचा इथे संगम आहे. दोघींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीला प्रेस्कील म्हणतात. मोठी बाजारपेठ आणि बेलकूरचा प्रचंड चौक तिथे. सोनच्या पश्चिम काठावर फुर्व्हिएरची टेकडी, तिच्या पायथ्याशी व्यू ल्यों, म्हणजे जुनं गाव. उत्तरेला, दोन नद्यांच्या बेचक्यात, क्रुआ-रूसची टेकडी. फुर्व्हिएरला 'प्रार्थना करणारी टेकडी' आणि क्रुआ-रूसला 'काम करणारी टेकडी' म्हणतात.

फुर्व्हिएरला पहिल्याच दिवशी गेलो. व्यू ल्यों मेट्रो स्थानकातूनच वर जाणारी फ्युनिक्युलर आहे, तिला गावातले लोक 'फिसेल' म्हणतात, म्हणजे सुतळी. वर नोत्र-दामची बाजिलिका, म्हणजे मोठं चर्च. पांढरीशुभ्र, चार कोपऱ्यांना चार मनोरे; गावकऱ्यांच्या भाषेत 'पाठीवर पडलेला हत्ती'. एकदा ऐकलं की तसंच दिसतं. आत भिंतीभर मोझेइक, सोन्याचा इतका झळाळ की डोळे स्थिरावायला वेळ लागतो. पण मी बाहेरच्या कठड्यापाशीच जास्त रेंगाळले. खाली अख्खं गाव, लाल कौलं, दोन नद्या. तिथून दहा मिनिटं खाली चालत गेलं की रोमन नाट्यगृह. इ.स.पू. ४३ मध्ये रोमनांनी इथे लुग्दुनुम वसवलं, तिथून या शहराचा जन्म. दगडी पायऱ्यांवर बसून भाचीनं घरून आणलेला डबा खाल्ला. सम्राट क्लॉडियस याच गावात जन्मला हे तिनं सांगितलं.

आता खरं लिहायचं होतं ते. माझं माहेर येवल्याचं, आजोबांच्या घरी माग. लहानपणी झोप लागायची ती मागाच्या आवाजात आणि जाग यायची तीही त्याच आवाजात. क्रुआ-रूसवर 'मेझों दे कान्यू' नावाचं विणकरांचं घर-संग्रहालय आहे. कान्यू म्हणजे ल्योंचे रेशीम विणकर. तिथे माणूस बसून प्रत्यक्ष जॅकार्ड माग, म्हणजे नक्षी विणणारा माग, चालवून दाखवतो. डोक्यावर छिद्रांच्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. जिथे भोक तिथे सुई आत जाते, तिचा उभा धागा उचलला जातो. जिथे भोक नाही तिथे धागा खालीच राहतो. धोटा गेला, फणी ठोकली, पुढचा पुठ्ठा. ल्योंचे लोक या आवाजाला 'बिस्तांक्लाक' म्हणतात, त्यावरून तसा शब्दच त्यांच्या भाषेत आहे. आमच्या घरी कुणी त्या आवाजाला नाव दिलं नव्हतं. पण तो तोच होता. मी भाचीचा हात घट्ट धरून उभी राहिले, तिला वाटलं मला बरं वाटत नाहीये.

ज्या माणसाच्या नावानं येवल्यातला 'जकाट' माग ओळखला जातो तो जोझेफ मारी जाकार याच शहरात १७५२ मध्ये जन्मला. त्याचं यंत्र १८०४ च्या सुमाराचं. छिद्रांच्या कागदाची कल्पना त्याच्याआधी ल्योंच्याच बुशों नावाच्या कारागिरानं १७२५ मध्ये काढली होती, जाकारनं ती चालती केली. हा माग जवळजवळ चार मीटर उंच. म्हणून क्रुआ-रूसवरची घरं उंच छताची आणि लांब खिडक्यांची: मागाला उंची हवी आणि विणकराला उजेड. त्या रस्त्यांवरून चालताना मी खिडक्याच बघत होते.

बाकी गोड खाण्याचं आणि आडवाटांचं उद्या लिहिते, इथे रात्र झाली.

मुसाफिर_नाशिक

सुंदर सुरुवात. ताई, आडवाटा म्हणजे ट्राबूल ना? त्या रेशीम भिजू नये म्हणून बांधल्या असं वाचलंय. बाहेरच्या माणसाला आत जाता येतं का?

रोनकाठी

मी नऊ वर्षं ल्योंमध्ये राहतो, पार्-द्यूजवळ. धागा बघून फार आनंद झाला.

मुसाफिर, रेशमाचं कारण अर्धं खरं आहे. व्यू ल्योंमधले ट्राबूल रेशीमधंद्याच्या भराच्या काळाहून जुने आहेत. तिथले मुख्य रस्ते सोनला समांतर धावतात आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या गल्ल्या फार थोड्या. मग इमारतींच्या पोटातूनच वाटा काढल्या: एका रस्त्यावरच्या दारातून आत, चौक, जिना, पुन्हा चौक, आणि दुसऱ्या रस्त्यावर बाहेर. शब्दसुद्धा लॅटिनमधल्या 'आरपार चालणे' या अर्थाच्या शब्दावरून आलाय. क्रुआ-रूसच्या उतारावरचे मात्र विणकरांच्या रोजच्या वापरातले. कापडाचे गठ्ठे पावसात न भिजवता खाली व्यापाऱ्यांकडे न्यायला त्यांना या वाटा होत्या.

शहरात असे शेकडो आहेत, त्यातले चाळीसेक लोकांसाठी खुले. रू सें-जाँ ५४ क्रमांकाचं दार ढकला, चार चौक ओलांडून रू द्यू बफ २७ वर निघता. जुन्या गावातला हा सगळ्यात लांब. सकाळी जा. आणि एक कळकळीची विनंती: आत लोक राहतात. महापालिकेशी करार करून त्यांनी दार उघडं ठेवलंय. आवाज न करता जा, दार हळू लावा. मी स्वतः पाच वर्षं अशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. उन्हाळ्यात चौकात कुणी मोठ्यानं बोललं की ते थेट आमच्या पाळण्यापर्यंत यायचं, मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती.

येवलेकरीण

रोनकाठी, बरं झालं लिहिलंत. आम्ही तिथूनच गेलो. बाहेर पर्यटकांची झुंबड, आणि दार मागे बंद झालं की एकदम विहिरीत उतरल्यासारखं गार आणि शांत. वर बघितलं तर चार बाजूंनी सज्जे आणि मधे आभाळाचा चौकोन. वाड्याच्या चौकात उभं राहिल्यासारखं वाटलं, फक्त वाडा पाच मजली.

क्रुआ-रूसच्या उतारावरचा 'कूर दे व्होरास' पण पाहिला. सहा मजली उघडा दगडी जिना. तो पाहून मी मटकन खालीच बसले. रेशमाचे तागे खांद्यावर घेऊन बायका-पुरुष हे चढत-उतरत असतील.

आजोबा_सदाशिव

त्या जिन्याबरोबर १८३१ आणि १८३४ चे उठाव सांगायलाच हवेत. विणकराला मालक नगाप्रमाणे पैसे देई आणि बाजार पडला की दर पाडे. १८३१ मध्ये विणकरांनी किमान दर ठरवून मागितला, तो ठरलाही, पण बऱ्याच व्यापाऱ्यांनी पाळायला नकार दिला. तेव्हा क्रुआ-रूसचे लोक काळा झेंडा घेऊन खाली उतरले. 'काम करत जगू, नाहीतर लढत मरू' असं त्यावर लिहिलेलं. काही दिवस शहर त्यांच्या ताब्यात होतं. १८३४ चा उठाव मात्र सैन्यानं फार रक्त सांडून मोडला. मी गिरणगावात वाढलो, बासष्ट वर्षं तिथे काढली. १९८२ चा संप डोळ्यांदेखत पाहिला. त्यामुळे ल्योंच्या विणकरांबद्दल वाचताना मला ते परके वाटत नाहीत.

याच ट्राबूलचा उपयोग दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्धच्या प्रतिकार चळवळीच्या लोकांनी केला. चळवळीचा नेता जाँ मूलाँ याला २१ जून १९४३ रोजी ल्योंच्या सीमेवरच्या कॅल्विरमध्ये पकडलं. शहरात गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं, मुख्यालय होतं त्या इमारतीत आज प्रतिकाराचं संग्रहालय आहे. वेळ असेल तर तेही बघा.

शाकाहारी_चिमणी

हे सगळं वाचून जावंसं वाटतंय, पण खायचं काय? ल्यों म्हणजे आतडी, कलेजी आणि सॉसेज असं सगळे सांगतात. मी अंडं खाते, मांस-मासे नाही. तिथे दिवस कसे काढायचे? आणि ताई, गोडाचं कधी लिहिताय?

येवलेकरीण

चिमणे, लिहिते आता.

गुलाबी प्रालीन! तिथल्या बेकरीच्या खिडकीत पहिल्यांदा पाहिलं आणि मला काटेरी हलवाच आठवला. संक्रांतीचा हलवा आई कसा करायची आठवतंय ना कुणाला? खसखस किंवा साबुदाणा परातीत, खाली मंद आच, थेंब थेंब पाक घालायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. इथे दाण्याच्या जागी बदाम, परातीच्या जागी फिरतं भांडं, आणि पाक गुलाबी. वर तसाच ओबडधोबड काटा येतो. मग हे प्रालीन भरडून सायीत शिजवायचे आणि भाजलेल्या टार्टच्या पोळीत ओतायचे. रंग असा की कुणी गुलाल ओतलाय. चव आधी गोड, खूप गोड, मग मागून सायीचा स्निग्धपणा आणि बदामाचा कुरकुरीतपणा. पातळ थराचा टार्ट निवडा. जाड थर असेल तर चार घासांनंतर जीभ थकते.

त्याच प्रालीनचा ब्रियोश पण मिळतो. लोण्या-अंड्याचा मऊसूत पाव, आत गुलाबी खडे वितळून कडेला चिकटलेले. हा मला टार्टहून जास्त आवडला. सकाळी साडेसातला गरम मिळाला, सोनच्या काठावर उभ्यानंच खाल्ला.

आणि कुसँ. कुसँ म्हणजे उशी. हिरवी, बोटाएवढी, आतून चॉकलेट, बाहेरून बदामाच्या लगद्याचं आवरण. १६४३ मध्ये गावात प्लेगची साथ होती. गावच्या कारभाऱ्यांनी मेरीमातेला नवस बोलला आणि सात पौंड वजनाची मेणबत्ती आणि सोन्याचं नाणं रेशमी उशीवर ठेवून फुर्व्हिएरला नेलं. त्या उशीची आठवण म्हणून व्होआझँ या चॉकलेटवाल्यांनी १९६० मध्ये ही मिठाई काढली. रेशमाच्या कोशाच्या आकाराचीही एक मिठाई असते, पिवळसर. या गावात गोड खातानाही हाताला रेशीमच लागतं, ते मला फार आवडलं. चिमणे, तू दारू घेत नसशील तर लक्षात ठेव, कुसँमध्ये क्युरासाओ या मद्याचा स्वाद असतो.

रोनकाठी

चिमणीताईंसाठी जेवणाचं मी सांगतो. इथल्या पारंपरिक खाणावळीला 'बूशों' म्हणतात आणि तिथे खरंच मांसाचं राज्य आहे. ल्योंच्या सॅलडमध्येसुद्धा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, आणि केनेल नावाचे मऊ मुटके दिसले तर त्यात बहुधा पाइक मासा असतो. पण 'सेर्व्हेल द कान्यू' मागा. शब्दशः अर्थ 'विणकराचा मेंदू', नावाला घाबरू नका. चक्क्यासारख्या ताज्या चीजमध्ये शॅलट (छोटा कांदा), लसूण, हिरव्या पाती, थोडं व्हिनेगर आणि तेल. पावाला लावून खायचं. मेंदू विकत घेणं विणकराला परवडायचं नाही म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. माझ्या आईला आम्ही ते मिरपूड जास्त घालून दिलं, तेव्हापासून ती त्याला 'फ्रेंच चटणी' म्हणते.

बूशोंमध्ये दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी साडेसातनंतर, एवढंच जेवण. मधल्या वेळात बेकरी. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरीच दुकानं बंद असतात, तेवढं बघून दिवस ठरवा. आणि दुकानात पाऊल टाकताच 'बॉंज्यूर' म्हणा, मग बाकी बोला. ते म्हटलं नाही तर माणूस उद्धट ठरतो. म्हटलं की पुढचं सगळं तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्येही निभावतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्यांनी 'ब्यूञ' चुकवू नका. लेंटच्या, म्हणजे ख्रिस्ती उपासाच्या काळाआधी करतात. लाटलेल्या कणकेला मधे चीर देऊन तळायचं, वर पिठीसाखर. एक पातळ कुरकुरीत, एक जाड मऊ. घराघरात कुठलं खरं यावर वाद असतो. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा शंकरपाळ्याची आठवण आली आणि दिवाळीत आपण एकटे नाही असं वाटलं.

चित्रपटवेडा

कुणीच मोंप्लेझीरचं नाव काढलं नाही! मी २०१९ मध्ये फक्त त्यासाठी ल्योंला उतरलो. मेट्रोच्या डी लाइनवर मोंप्लेझीर-ल्युमिएर स्थानक. सिनेमाची सुरुवात करणाऱ्या ल्युमिएर बंधूंच्या वडिलांचा बंगला आता संग्रहालय आहे, आणि मागच्या बाजूला कारखान्याची शेड. १९ मार्च १८९५ रोजी त्याच फाटकातून कामगार बाहेर पडताना लुई ल्युमिएरनं कॅमेरा फिरवला. रस्त्याचं नावच 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता'. ज्या जागेवर कॅमेरा ठेवला असेल तिथे मी पाच मिनिटं नुसता उभा होतो. घड्याळात नीट पाहिलं तेव्हा पाऊण तास झाला होता.

आपल्याशी नातं म्हणाल तर ल्युमिएरांच्या पॅरिसमधल्या पहिल्या जाहीर खेळाला सात महिनेही झाले नव्हते आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएरांचे सहा चित्रपट दाखवले गेले. काळा घोड्याजवळ ती लोखंडी सांगाड्याची इमारत अजून उभी आहे. पुढे १८९९ मध्ये आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. मला मोंप्लेझीरच्या त्या फाटकातून निघालेले लोक थेट आपल्या कुस्तीच्या हौद्यापर्यंत चालत आल्यासारखे वाटतात.

आजोबा_सदाशिव

७ जुलै ही जाकारचीही जन्मतारीख. ७ जुलै १७५२.

चित्रपटवेडा

आजोबा, अंगावर काटा आला.

केतकीपान

मी थोडं वेगळं लिहू का? गेल्या वर्षी आम्ही ल्योंला दीड दिवस होतो आणि मला ते आवडलं नव्हतं. बेलकूर चौक म्हणजे लाल मातीचं रिकामं मैदान, मधे घोड्यावरचा चौदावा लुई. व्यू ल्योंमध्ये गर्दी, एका खाणावळीत पर्यटकांसाठीचं थंड जेवण मिळालं आणि बिल भरमसाट. आयफेल टॉवरसारखं काही ठळक नाही. या धाग्यावरून वाटतंय की आम्ही चुकीचं काहीतरी पाहत होतो. पण दीड दिवसच असेल तर जावं का?

येवलेकरीण

केतकी, बेलकूर मलाही रुक्ष वाटला. ३१२ मीटर लांब आहे खरा, पण सावली फारशी मिळाली नाही. तो ओलांडायचा आणि पुढे जायचं, एवढंच.

दीड दिवस असेल तर मी तरी असं करीन. पहिल्या सकाळी फिसेलनं फुर्व्हिएर, बागेतल्या पायवाटेनं चालत खाली, दोन-तीन ट्राबूल. दुपारी क्रुआ-रूस. मेट्रोची सी लाइन पकड, ती टेकडी चढताना दातेरी रुळावर चालते. विणकरांचं घर बघ, नंतर 'म्यूर दे कान्यू' हे भिंतीवरचं अवाढव्य चित्र. बाराशे चौरस मीटरची सपाट भिंत, पण त्यावर रंगवलेला जिना इतका खरा की पाय उचलावासा वाटतो. १९८७ मध्ये काढलं आणि पुढे दोनदा बदललं. चित्रातली माणसं प्रत्येक वेळी थोडी म्हातारी केली, कारण वस्तीही तेवढी पुढे गेली. असं मी कुठे पाहिलं नव्हतं. संध्याकाळी उतारावरून पायी खाली. उरलेला अर्धा दिवस तेत दॉर बागेत काढ, ११७ हेक्टरची आहे, आत तळं आणि प्राणिसंग्रहालय, प्रवेश फुकट.

जेवण बिघडलं की गाव मनातून उतरतं, हे मात्र अगदी खरं.

रोनकाठी

केतकीताई, डिसेंबरच्या आठ तारखेला या. १८५२ मध्ये फुर्व्हिएरवर मेरीमातेचा पुतळा बसवायचा होता. सप्टेंबरचा मुहूर्त पुरामुळे हुकला, डिसेंबरमध्ये ऐन वेळी वादळ आलं. सोहळा रद्द होतोय असं वाटत असतानाच आभाळ उघडलं आणि लोकांनी आपणहून खिडक्यांत पणत्या लावल्या. आज चार रात्रींचा मोठा प्रकाशोत्सव असतो, गर्दी प्रचंड. पण मला आवडतं ते हेच, की आठ तारखेला अजूनही साध्या घरांच्या खिडक्यांत काचेच्या पेल्यातले दिवे लागतात. आमच्या मजल्यावरच्या आजी दरवर्षी आमच्यासाठी चार पेले जास्त आणून ठेवतात. दिवाळीतल्या उरलेल्या वाती आम्ही त्यांना देतो.

शाकाहारी_चिमणी

तिकिटं बघतेय. खरंच. ताई, तो टार्ट घरी करता येईल का? तू प्रालीन आणले असशील तर पाककृती दे ना.

येवलेकरीण

आणले होते, पाव किलोची दोन पाकिटं. भाचीच्या घरमालकिणीनं सांगितलेली कृती देते. प्रालीन आणि जाड साय वजनानं सारखे, दोनशे-दोनशे ग्रॅम. प्रालीन जाडसर भरडायचे, पूड नाही. सायीत घालून मंद आचेवर ढवळत शिजवायचं. साखर विरघळते, मग मोठे, जड बुडबुडे येतात आणि मिश्रण चमच्याच्या पाठीला धरतं. तिथेच थांबायचं, जास्त शिजलं तर थंड झाल्यावर चिवट होतं. आधी पूर्ण भाजून गार केलेल्या टार्टच्या पोळीत ओतायचं आणि फ्रीजबाहेरच सेट होऊ द्यायचं.

एक पाकीट टार्टमध्ये गेलं. दुसरं मी येवल्याला नेलं. आई आता पंच्याऐंशीची आहे, डोळ्यांनी फारसं दिसत नाही. तिनं एक प्रालीन बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाली, "काटा चांगला आलाय, पण आच जरा जास्त झाली होती." मग मी फोनवर केलेलं जॅकार्डचं चित्रण तिच्या कानाशी धरलं. तिनं ऐकलं. हात आपोआप मांडीवर ठेका धरायला लागला. थोड्या वेळानं म्हणाली, "याचा धोटा उजवीकडून अडकतोय. सांगितलंस का त्याला?"

रोनकाठी, तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर तिथल्या विणकराला एवढा निरोप द्याल का?

रोनकाठी

येत्या शनिवारी मुलीला घेऊन जातो आहे. आजींचा निरोप फ्रेंचमध्ये नीट लिहून नेतो. तो काय म्हणाला ते इथेच कळवीन.